दिवाणखान्यातली दादीसा

चौकट

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला सुरजमल शेठचा बंगला आहे. खाली बियाण्याच्या कंपनीचं ऑफिस, वर राहणं. एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, शेठच्या आजीच्या पुण्यतिथीला, वरच्या दिवाणखान्यात पंगत बसली होती. कंपनीसाठी शेतात बियाणं पिकवून देणाऱ्या शेतकऱ्यांना शेठनं जोडीनं जेवायला बोलावलं होतं. पंखे जोरात फिरत होते आणि तूप, घाम, उदबत्ती यांचा काला करून सगळ्यांच्या तोंडावर मारत होते.

पिंपळगाव रेणुकाईचा धर्मराज पुरुषांच्या रांगेत बसला होता. त्याची बायको सगुणाबाई पलीकडं, बायकांच्या रांगेत. चाळिशीला टेकलेली, घरची बरी, चारचौघीत पदर सावरून बोलणारी बाई. तिनं चुरम्याचा घास उचलला, तोंडात घातला आणि मग बाकीच्या बायका जिकडं हात जोडत होत्या तिकडं पाहिलं.

भिंतीवर माणसाच्या उंचीचं चित्र होतं. सोनेरी चौकट, चौकटीला गुलाबाचा जाड हार, खाली पितळेची पाटी: पूज्य दादीसा स्व. पानबाई. चित्रात एक बाई गालिच्यावर रेलून बसली होती. लालभडक घागरा. ओढणी खांद्यावरून घसरलेली, चोळीचा गळा नको तितका खाली. हातापायांत चांदीच चांदी. बाजूला हुक्का, मागं खिडकी, खिडकीत मोर. बाईचे डोळे अर्धे मिटलेले, तोंड जरा उघडं, खालचा ओठ ओला. आणि चेहरा

चेहरा

सगुणाबाईचा होता.

आता लोकाच्या घरी, मेलेल्या माणसाच्या नावाचं जेवण, तोंडातला घास थुंकता येतो का? तिनं तो गिळला. घशातून वाळू उतरावी तसा उतरला. उदबत्तीचा धूर त्या चेहऱ्यावर चढत होता आणि तिला इकडं, जिवंतपणी, नाकात कापूस घातल्यासारखं होत होतं. शेजारची बाई हात जोडून पुटपुटली, "काय तेज हाय बाई म्हातारीच्या तोंडावर." सगुणाबाईनं कढीची वाटी तोंडाला लावली.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. धर्मराज वाटीत बघत होता. वाटीत बघण्यासारखं काही नव्हतं, नुसती कढी. त्याचे कान लाल झाले होते. म्हणजे त्यानंही पाहिलं होतं.

वाढायला शेठाणी स्वतः फिरत होती. चंदाबाई, सुरजमलची आई, साठीची, कपाळापर्यंत पदर. सगुणाबाईच्या पुढ्यात आली, तुपाचं भांडं तिरपं केलं आणि क्षणभर तशीच थांबली. तूप पत्रावळीबाहेर सांडलं.

"घ्या बाई," एवढंच बोलून ती पुढं गेली.

जेवणं उरकल्यावर सुरजमलनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. चित्राखालच्या टेबलावरून त्यानं एक नवी कोरी बॅग उचलली. पांढऱ्या प्लास्टिकच्या विणीची, सोयाबीनची बॅग. तिच्यावर तेच चित्र छापलेलं. घागरा, हुक्का, मोर, ओला ओठ. वर मोठ्या अक्षरात 'दादीसा'.

"हा नुसता नमुना हाय," शेठ म्हणाला. "यंदा मृगाला ही बॅग गावोगाव. बिलकुल प्रत्येक दुकानात. आमच्या दादीसांचा आशीर्वाद तुमच्या वावरात."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वाटूरचा रखमाजी धर्मराजच्या कानाशी लागला. बायकांच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "पाव्हणं, ही बॅग खाली करू वाटायची न्हाई."

"खाली झाल्यावर काय करशील?" पलीकडच्यानं विचारलं.

"न्हाणीला पडदा."

"दादीसा हायेत त्या, लाज धर जरा."

"म्हणून तर पडदा. पायपुसणं म्हनलो का?"

दोघं हसले. धर्मराजही हसला. जरा उशिरा, पण हसला.

सोयाबीनच्या रिकाम्या बॅगांचं काय होतं हे सगुणाबाईला कुणी सांगायला नको होतं. तिच्याच घरी त्यांत म्हशीचा भुसा होता. त्या उसवून, जोडून कडब्यावर टाकायची ताडपत्री होती. दाराशी चिखलाचे पाय पुसायला एक होती. गावाच्या कडेला चार काठ्या रोवून बाया-माणसांनी आडोसे केले होते, त्यांना चारी बाजूंनी ह्याच बॅगा. वास मारणाऱ्या, माश्या बसलेल्या, आणि आता प्रत्येकीवर ती. ओला ओठ घेऊन. तिच्या पोरीचं, बेबीनंदाचं, लग्न याच तालुक्यात झालं होतं. जावई सोयाबीन पेरायचा.

ही बॅग निघता कामा नये. पान उचलेपर्यंत सगुणाबाईच्या डोक्यात एवढंच बसलं होतं.

घागरा

पंधरा वर्षांमागं अजिंठ्याची लेणी बघायला आलेला एक गोरा साहेब वाट वाकडी करून पिंपळगावात आला होता. रंगाची पेटी, चित्र ठेवायचा लाकडी घोडा, पत्र्याची ट्रंक, आणि बरोबर औरंगाबादचा शिवाजी नावाचा गाईड. धर्मराजच्या घरी माळवदाची मोठी खोली होती, म्हणून शाळेच्या मास्तरनं त्यांना तिकडं धाडलं. साहेबानं आल्याच्या दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसलेल्या सगुणाबाईकडं बोट केलं.

"हिचं चित्र काढायचं म्हणतेत," शिवाजी म्हणाला.

"काढू द्या की," धर्मराज म्हणाला. बायकोला आत जाऊन सांगितलं, "चार दिवस बस. दारी आलेल्या पावण्याला न्हाई म्हनायची रीत आपल्या घरात न्हाई."

रीत खरीच होती. पावण्यानं मागितलं ते द्यायचं: खाट, कोंबडं, दूध. बायको या यादीत कुठं बसते ते कुणी ठरवलं नव्हतं. कारण तोवर तिला कुणी मागितलंच नव्हतं.

ती आंघोळ करून, नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन खोलीत आली. साहेबाचं तोंड पडलं.

"वहिनी, साहेब म्हणून राह्यले, हे लुगडं नको."

"काहून? नवं हाय."

"तसं न्हाई. त्यांना परंपरेचं पाह्यजे."

"मंग हे काय हाय? माझी सासू हेच नेसती, तिची सासू हेच नेसायची."

शिवाजी साहेबाशी पुष्कळ बोलला. मग तिच्याकडं वळून, नजर चुकवत म्हणाला, "ते म्हणतेत, हे लई साधं हाय. परंपरेसारखं दिसत न्हाई."

ट्रंक उघडली. वर डांबराच्या गोळ्यांचा वास, त्याच्या खाली दुसरा. घागरा कुठल्याशा बाजारात घेतलेला होता. पिंपळगावात, भोकरदनात, साऱ्या मुलखात तसलं कुणी नेसत नव्हतं. नेफ्यापाशी घामाचा काळा पट्टा बसला होता, कुणाकुणाच्या कमरांचा. चोळीच्या काखा वाळून कातड्यासारख्या ताठ झालेल्या. हुकात एक लांब केस अडकला होता, पिवळा. सगुणाबाई म्हणाली, धुऊन घेते. शिवाजी म्हणाला, रंग जाईल. तिनं आपल्या परकरावरून तो घागरा चढवला. तो अंगाला लागला तिथं तिथं तिला वाटलं, कुणीतरी उठून गेलेल्या ओल्या अंथरुणात आपल्याला निजवलंय. चांदी म्हणून घातलं ते गिलिटाचं होतं; संध्याकाळी मनगटावर हिरवे वळ उठले.

साहेबानं तिला गालिच्यावर रेलायला लावलं. बाई असं रेलते फक्त आजारपणात नाहीतर बाळंतपणात. मग तो जवळ आला आणि दोन बोटांनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं फिरवला. बोटांना घासलेटापेक्षा उग्र वास. बाजारात बैलाचे दात बघायला जबडा धरतात तसं धरलं होतं त्यानं. पण दात काही बघितले नाहीत.

धर्मराज दारात उभा होता. त्यानं हे पाहिलं. "चहाचं बघतो," म्हणाला आणि आत गेला.

मोर

खिडकीतून म्हशीचं ढुंगण दिसायचं. तिथं साहेबानं मोर बसवला.

हुक्का

कधी पेटलाच नाही.

तोंड

तेव्हा तिची दाढ किडली होती. उजवीकडची, खालची. चित्राला बसायच्या आदल्या रात्रीपासून ठणका लागला होता. गाल आतून सुजलेला, हिरडीतून पू येत होता, आणि वरचा दात खालच्याला टेकला की डोक्यात सुई जायची. म्हणून तोंड मिटता येत नव्हतं. लाळ गळायची, ती जिभेनं आत ओढायची. ठणक्यानं डोळे आपोआप मिटत यायचे. झोप नव्हती.

साहेबाला यातलं सगळं आवडलं.

"साहेब लई खूश हायेत," शिवाजी सांगायचा. "म्हणतेत, अशीच नजर ठेवा. सपनात असल्यासारखी."

"त्यांना म्हणावं, दाढ दुखून राह्यली."

शिवाजीनं सांगितलं की नाही, देव जाणे. सांगितलं असेल तर साहेबानं ऐकलं नाही. तिनं जिभेनं आत ओढलेली लाळ त्यानं रंगात घेतली, ओठावर थेंबाएवढा पांढरा ठिपका दिला आणि दोन पावलं मागं सरकून समाधानानं मान हलवली. सगुणाबाईच्या तोंडात पुवाची चव होती. ती तो पू गिळत होती आणि तो माणूस तिच्याकडं गुळाच्या ढेपेकडं बघावं तसा बघत होता.

चित्र तिला दाखवलं नाही. ओलं आहे म्हणून फडक्यात झाकून नेलं. गाडी वेशीबाहेर गेली त्याच दिवशी ती जावेला घेऊन भोकरदनला गेली आणि दाढ उपटून आली. डॉक्टरनं दाढ कागदात बांधून दिली होती. वाटेत तिनं ती पुलावरून पाण्यात फेकली. चित्राचंही तिला तसंच वाटलं होतं. गेलं, वाहून गेलं.

मागची बाजू

पंगत पांगली. बायका खाली उतरल्या. सगुणाबाई उतरली नाही. तिनं जिन्यात धर्मराजला अडवलं.

"चला शेठकडं."

"कशाला?"

"तुमाला म्हाईत न्हाई कशाला?"

"अगं, घरी जाऊन बोलू. जीपवाला निघून राह्यला."

"जाऊ द्या जीप."

सुरजमल चित्राखालच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसला होता, दातात काडी. चाळिशीचा, बोलायला गोड माणूस. सगुणाबाईनं उभ्याउभ्या सांगितलं. हे चित्र माझं आहे. ही तुमची दादीसा नव्हे. बॅगेवर हे छापू नका, हार काढा.

शेठनं काडी थांबवली. तिच्याकडं पाहिलं, चित्राकडं पाहिलं, परत तिच्याकडं. मग तो खळखळून हसला. वाईट हसला नाही. लहान पोरानं चंद्र आपला म्हणावं तसं हसला.

"बाई, ती केवढी गोरी हाय."

"रंग त्या गोऱ्या साहेबानं लावला."

"आन् हा घागरा? तुमच्यात घागरा कवा नेसतेत?"

"त्याचाच व्हता. घाण मारत व्हता."

"हे बघ बाई. औरंगाबादच्या हॉटेलातून आणलंय मी हे. राजस्थानी नारी म्हणून बिल हाय त्याचं. दादीसांचा एक फोटो न्हाई घरात. मंग त्यांच्यासारखं दिसणारं घेतलं, पाटी लावली. आता धा वर्षांपासून लोक पाया पडून राह्यले. त्याला काय तुझं म्हणायचं?"

तेव्हा सगुणाबाईनं जे केलं ते तिनं आयुष्यात कुणापुढं केलं नव्हतं. ती सोफ्याजवळ गेली, बोटानं गाल बाजूला ओढला, तोंड वासलं आणि दाढ उपटलेली मोकळी हिरडी शेठच्या नाकासमोर धरली. तशाच वासल्या तोंडानं चित्राकडं हात केला. हे बघ, म्हणून ते उघडं हाय.

सुरजमल मागं रेलला. तोंडावर रुमाल धरला. "छी, बाई. आत्ताच जेवलोय मी."

भिंतीवर दहा वर्षं हेच तोंड उघडं होतं आणि त्याच्याखाली तो रोज चहा प्यायचा.

"तुमी सांगा," सगुणाबाई नवऱ्याकडं वळली.

धर्मराज दाराशी उभा होता. डोक्यावरची टोपी हातात. शेठनं विचारलं, "काय धर्मराजभाऊ? तुमच्या मंडळी काय म्हणून राह्यल्या?"

धर्मराजनं चित्राकडं वर पाहिलं. चांगलं निरखून पाहिल्यासारखं केलं. बाहेर जीपवाला हॉर्न देत होता. कंपनीचं बियाणं पिकवायचा यंदाचा प्लॉट अजून पक्का व्हायचा होता.

"न्हाई शेठजी," तो म्हणाला. "ही आमची न्हवं. साहेब आल्ता एक, ते खरं. पर त्यानं निसतं रेणुकाईचं देऊळ काढलं आन् गेल्ता. उन्हानं जरा हिचं डोकं..." त्यानं कपाळाजवळ हात गोल फिरवला.

"व्हतं असं," शेठ मायेनं म्हणाला. "ताक द्या रे बाईला."

सगुणाबाईनं नवऱ्याच्या मिशीकडं पाहिलं. मिशीत चुरम्याचा एक कण अडकला होता, तुपानं चकाकत होता. इतकी वर्षं ती या माणसाचं उष्टं खात आली होती. तिला एकदम त्या घागऱ्याचा वास आला, नेफ्यातला, आणि तो कुठून येतोय हे आता तिला कळलं.

ओढणी

ताक घेऊन चंदाबाई आली. शेठ आतल्या खोलीत आडवा व्हायला गेला, धर्मराज जीप थांबवायला खाली पळाला. चंदाबाईनं पेला सगुणाबाईच्या हातात दिला आणि चित्राकडं न बघता म्हणाली, "तूच हायेस ती. मी तूप वाढताना वळखलं."

"मंग बोलल्या काहून न्हाई?"

"सुरजसमोर? हे चित्र आल्या दिवशीच मी त्याला बोलली व्हती. बेटा, ही तुझी दादी न्हाई. तर म्हणला, मां, दादीसांना पाह्यलंय कुणी?"

आणि कुणी पाहिलं नव्हतंच. पानबाई लग्न होऊन जालन्याला आली ती हातभर घुंघट घेऊन, आणि गेली ती घुंघटासकट. दुकानचे मुनीम तिला तिच्या पायांच्या आवाजानं ओळखायचे. डॉक्टर पडद्याआडून नाडी बघायचा. फोटोवाला आला की ती धान्याच्या खोलीत जाऊन बसायची. तिचा चेहरा पाहिलेलं घरात आता एकच माणूस उरलं होतं: मरेपर्यंत तिचे पाय दाबलेली सून.

"देवीचे व्रण व्हते त्यांच्या गालावर," चंदाबाई म्हणाली. "बारीक डोळे. पुढचे दात गेल्ते. आन् त्यांच्या नावावर ही. सकाळी उठून मी हिला हार घालते बाई. हार घालते आन् साबण लावून हात धुते. मला वाटायचं कुणी कोठ्यावरची असंल."

सगुणाबाईनं पेला खाली ठेवला. "मी खानदानी घरची हाय, शेठाणी."

"ते ह्या कपड्यात कुठं कळतं?"

"कपडे तुमच्याकडचे हायेत. आमच्यात असलं न्हाई नेसत."

"आमच्यात असं लोळत न्हाई कुणी."

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. एकीला दुसरीकडचा घागरा ओंगळ वाटत होता, दुसरीला पहिलीचा ओठ. दोघींनाही भिंतीकडं बघवत नव्हतं, एवढी एकच गोष्ट त्यांच्यात सारखी होती. तेवढी पुरली.

खाली फाटकापाशी रामकिसन पेंटर कंपनीची पाटी रंगवत होता. गावोगावच्या भिंतींवर बियाण्याच्या जाहिराती काढणारा माणूस. चंदाबाईनं त्याला डबे-ब्रशासकट वर बोलावलं.

"दादीसांच्या तोंडावर घुंघट ओढ. हनुवटीच्या खालपर्यंत."

रामकिसननं चित्राकडं पाहिलं, आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. "मांजी, शेठजी मला हाकलून देतील."

"शेठजीला जन्म कुणी दिला?"

रामकिसन स्टुलावर चढला. त्याच्याकडं फाटकाला द्यायचा लाल ऑइलपेंट होता, तोच घागऱ्याला जुळत होता. ब्रश बुडवून त्यानं कपाळापासून सुरुवात करायला हात नेला.

"तोंड आधी," सगुणाबाई म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं.

"तोंड झाक आधी. ते ओठ."

ब्रश ओठांवर फिरला. पांढरा ठिपका गेला. मग गाल, मग डोळे. ती स्टुलाला धरून उभी होती. आपला चेहरा जाताना बघून काही वाटेल, असं तिला वाटलं होतं. पंधरा वर्षांमागची आपण, चोविशीतली, केस काळेभोर. वाटलं फक्त एवढंच की रंग फार पातळ आहे. रंगाखालचे डोळे अजून दिसतात. "अजून एक हात मार," ती म्हणाली. रंगाचा एक ओघळ घुंघटाखालून निघून गळ्यावर आला, पान खाऊन कुणी पिंक टाकावी तसा. चंदाबाईनं पुढं होऊन तो पुण्यतिथीच्या हारानं पुसला.

रंगाच्या वासानं सुरजमल जागा झाला. बाहेर आला आणि दारातच थबकला. रामकिसन स्टुलावरून उतरायचंही विसरला. शेठचं तोंड उघडं. नेमका त्याच वेळी वाटूरचा रखमाजी विसरलेला गमछा घ्यायला जिना चढून आला. चित्राकडं त्याचं लक्ष गेलं. त्यानं पटकन चपला काढल्या आणि हात जोडले.

"आता कसं," तो म्हणाला. "आता खरी घरची माय वाटून राह्यली. मघाशी पाया पडायला जरा जड जात व्हतं, खरं सांगतो शेठजी."

सुरजमलनं रखमाजीकडं पाहिलं. रखमाजी म्हणजे गिऱ्हाईक. गिऱ्हाईकाचे हात जोडलेले होते. शेठच्या कपाळावरची शीर हळूहळू बसली.

"बराबर," तो म्हणाला. आणखी जरा विचार केला. "बिलकुल बराबर. बॅगवर असंच छापू. घुंघटवाली. असं कुणाच्याच बॅगवर न्हाई." मग आईकडं वळून, "मां, मला आधी तरी सांगायचं."

सगुणाबाईकडं कुणी पाहिलं नाही. तिला हवं होतं ते झालं होतं. ती जिना उतरली.

जीप

"झालं ना तुझ्या मनासारखं," धर्मराज म्हणाला. भोकरदनचा फाटा आला तेव्हा म्हणाला, "प्लॉट गेला असता." गाव दिसायला लागलं तेव्हा ढेकर दिली आणि म्हणाला, "तोंड तर झाकलं न्हवं? आता कोण वळखतंय."

तुपाचा ढेकर होता. ती जीपच्या कडेला सरकली, नाकाला पदर लावला.

बॅग

मृगात चांगलं ओलवलं. दुकानातून सोयाबीनच्या बॅगा आल्या, वावरात तिफण जुंपली. धर्मराजचा धाकटा भाऊ भुजंग बैलांपाशी होता, त्याची बायको दुर्गाबाई पाण्याची घागर घेऊन आलेली. पेरायच्या आधी घरच्या सवाष्णीनं बियाण्याला अन् तिफणीला हळद-कुंकू लावायचं, मग बॅग फोडायची. सगुणाबाईनं ताट आणलं होतं. तिनं तिफणीला लावलं, बैलांच्या कपाळाला लावलं. बॅग बांधावर उभी करून ठेवली होती. घागरा, हुक्का, मोर, आणि वर हनुवटीच्या खालपर्यंत लाल घुंघट.

"काय झाकलंय शेठनं," भुजंग म्हणाला. "पदराआड कोण असंल बरं, भाऊ?"

"असंल कुणीतरी," धर्मराज हसत म्हणाला. "तुला काय करायचं?"

"न्हाई, अंगानं बरी दिसून राह्यली."

"बैल सांभाळा," दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाली, थोरल्या दिरालाही ऐकू जाईल अशी. धर्मराज आणखी हसला.

सगुणाबाईनं ताट धर्मराजच्या पुढं धरलं.

"तुमी लावा."

"मी? ते बाईमाणसाचं काम हाय."

"मी न्हाई वळखत हिला."

"वळखायचं काय त्याच्यात? बियाणं हाय. लाव अन् आटप जल्दी, ओल निघून चालली."

"शेठफुडं तुमीच म्हनलात, ही आमची न्हवं. मंग परक्या बाईला मी काहून कुकू लावू? तुमी आणली, तुमी लावा."

भुजंगचं हसू अर्धंच राहिलं. त्यानं भावाकडं पाहिलं, भावजयीकडं पाहिलं, त्याला काही उमगलं नाही. दुर्गाबाईला उमगलं. पंधरा वर्षांमागं दाढ उपटायला तीच बरोबर गेली होती. ती घागर खाली न ठेवता तशीच उभी राहिली आणि बॅगेकडं बघू लागली.

ताट हलत नव्हतं. धर्मराजनं चौघांत तमाशा नको म्हणून बांधावर गुडघा टेकला, बोट कुंकवात बुडवलं. कपाळ कुठं असेल याचा अंदाज घेत बोट घुंघटावर वरखाली फिरवलं आणि एका जागी टेकवलं. लालावर लाल. काही उमटलं नाही.

तो उठायला लागला.

"दिसंना," सगुणाबाई म्हणाली. "अजून लावा."

त्यानं परत बोट बुडवलं.

"अजून."